हिवरेकरांचे घरची काठी आणि तीस शेरांची पिशवी

श्री वरुणदेवतेचे चरणी मस्तक असो. पाण्यात जे वसतात आणि काठावर जे बसतात त्या उभयतांस क्षेम असो. शके एकोणीसशे शेचाळीस, क्रोधीनाम संवत्सर, मार्गशीर्ष शुद्ध सप्तमी, रविवार, ते दिवशी थोरल्या तळ्यावर मोहीम जाहली, आणि हिवरेकरांचे घरची गळाची काठी बावीस वर्षांनी एका हातातून दुसऱ्या हाती गेली, ते कैसे घडले त्याचा हा मजकूर. घडले तितकेच लिहिले आहे. ज्यास वाढवून सांगणे असेल त्याने पारावर बसून सांगावे, तेथे ऐकणारे रिकामे पुष्कळ आहेत.

त्या मुलखात राज्य म्हणावे तर एक तळे. तेही देवाने केलेले नव्हे, धन्याने यंत्र लावून खोदलेले, चारी अंगांस बांध, आणि भोवती चोवीस दगड पुरून त्यांवर आकडे घातलेले. एका दगडापाशी एकाने बसावे ऐसा शिरस्ता. धन्याने पाण्यात रोहू, कटला आणि मिशीचे सायप्रिनस सोडून ठेविले होते, आणि दर रविवारी हौशी मंडळी गळ टाकीत बसत, आणि वर्षातून एक वेळ मोठी मोहीम होत असे. मोहीम म्हणजे काय, तर सूर्य कासराभर वर आला की शिंग फुंकावे, मग चोवीस जणांनी गळ टाकावे, आणि जो मासा लागेल तो हातजाळीत घेऊन आपल्या जाळीच्या पिशवीत पाण्यातच ठेवावा, आणि दुसरे शिंग झाले की पिशव्या काट्यास टांगून तोलाव्या, आणि ज्याचे वजन जास्त तो जिंकला, आणि मग सारे मासे फिरून तळ्यात सोडावे. होय, सोडावे. कालवण करावयाचे नाही. ऐसे हे युद्ध की सकाळी कैद करावे, सायंकाळी मानाने सोडावे आणि पुढील रविवारी त्यासच फिरून धरावे. मासेही या कारभारास विटले होते. कित्येक जुने मासे गळ लागताच फार ओढाताण न करिता आपले आपण काठास येत, जैसा सराईत गुन्हेगार शिपाई पाहून हात पुढे करितो.

कायदे तीन होते. एका घराची एकच काठी, हा पहिला. प्रत्येकास पिशव्या दोन, आणि एकीत पंचवीस शेरांवर भरू नये, भरल्यास मासे चेंगरतात म्हणून वरचे वजन धरावयाचे नाही, हा दुसरा. आणि काठावर जे घरचे माणूस बसेल त्याने खेळणाराशी मोजदादीविषयी अक्षर बोलू नये, हा तिसरा.

हिवरेकरांचे घरची काठी सगुणाबाईसाहेबांकडे होती. बावीस वर्षांत त्यांनी नऊ मोहिमा मारल्या होत्या. मोठमोठे मिशाळ सरदार येत, त्यांजपाशी कप्प्यांच्या खुर्च्या, छत्र्या, परदेशच्या डबाबंद आमिषाच्या गोळ्या, आणि बाईसाहेबांपाशी एक पाट, एक काठी आणि शेंगदाण्याची पेंड घालून मळलेले पीठ. तरी मासा बाईसाहेबांकडे यावयाचा. आता वय सदुसष्टावर गेले होते. उजवा खांदा पहाटे उचलत नसे, गुडघा पाटावरून उठताना कुरकुर करी, आणि खरे सांगावयाचे तर पाणी पाहूनच थकवा येत असे. परंतु हे त्यांनी कोणास सांगितले नव्हते. सांगून काय, लोक तेल सुचवितात.

आणि सून तुळजाबाई, तिला त्या काठीची आस होती. दहा वर्षे तिने पीठ मळिले, डबे वाहिले, काठावर गोणपाटावर बसून पाहिले, गळ एकदाही टाकिला नाही, कारण एका घराची एकच काठी. मग दिवाळीच्या पाडव्यास, सगळी पंगत बसली असता, तिने वाढता वाढता विचारिले, "आत्याबाई, यंदा काठी मी धरू का?"

चिरंजीव बळवंतराव यांनी ताटात पाहिले, ताटात पाहणे ही विद्या त्यांस उत्तम अवगत आहे. बाईसाहेबांनी घास गिळिला आणि बोलिल्या, "यंदा जिंकले तर काठी मरेपर्यंत माझी, पुन्हा विषय काढायचा नाही. हरले तर तुझी. त्याच दिवशी, तिथंच काठावर. आणि श्रीखंड वाढ, हात का थांबला?" ऐसा करार झाला. बोलून गेल्यावर बाईसाहेबांस वाटले, हे आपण काय बोललो, मरेपर्यंत म्हणजे आणखी किती रविवार. परंतु बोललेले मागे घेणे त्या घरात कोणास शिकविलेले नाही.

तळे आषाढापासून बंद होते. पाऊसभर गळ टाकणे मना, आणि थेट मोहिमेच्या दिवशी उघडावयाचे. ते दिवशी चोवीस सरदार जमा झाले, आणि दगडांच्या चिठ्ठ्या निघाल्या, आणि बाईसाहेबांस सतरावा दगड आला, वारा समोरून तोंडावर. शेजारी अठराव्यावर रंगोजी चौखंडे, दोन वर्षांचा विजयी, पोट पुढे, खुर्ची त्याहून पुढे. तो बोलिला, "काय बाईसाहेब, एवढं पीठ मळून आणलंत, भाकऱ्या थापणार की काय?"

"तुझ्याचसाठी आणलंय रंगोजी. हरल्यावर माणसाला भूक फार लागते."

मग शिंग झाले आणि बाईसाहेबांनी सुपारीएवढे पिठाचे गोळे एकाच जागी, थोडे थोडे, टाकावयास आरंभ केला. रंगोजीने ओंजळीने टाकिले. ज्यास घाई त्याचे मासे पोट भरून निघून जातात, हे त्यास दर वर्षी कळते आणि दर वर्षी तो विसरतो, तरी जिंकतो, कारण दैव आंधळे आहे आणि त्याची काठी लांब आहे. घटकाभर काही हालले नाही. मग दोरावरचे तरंगते बूच एकदा दबले, दोनदा दबले, आणि बाईसाहेबांनी हिसका दिला, आणि खांद्यातून कळ निघाली ती कानापर्यंत गेली, आणि त्यांनी चेहरा हालू दिला नाही. मासा काठास आला, ओल्या पोत्यावर घेतला, तो ओळखीचा निघाला. वरचा ओठ फाटलेला रोहू. बाईसाहेब म्हणाल्या, "आलास का रे ओठफाटक्या? तूही दमलास वाटतं." आणि मनात अडीच शेर मांडून पिशवीत सोडिला.

येथे एक गोष्ट जाणावी. बाकीचे सरदार मासा लागला की छोट्या काट्यास लावून अंदाज घेत आणि बोटाएवढ्या यंत्रावर आकडा दाबीत. बाईसाहेबांस हे अपमानाचे वाटे. त्यांस तळ्यातले मासे तोंडओळखीने ठाऊक होते. ओठफाटका अडीच, बांडा कटला तीन, शेपटी तुटका सव्वादोन, आणि एक मोठा मिशीचा सायप्रिनस, ज्यास त्या मामंजी म्हणत, कारण कैलासवासी सासऱ्यांसारखा गाल फुगवून पाही, तो साडेतीन. मासा पाहिला की वजन आठवे, आणि आठवले ते मांडिले. बावीस वर्षांत ही बेरीज कधी चुकली नव्हती.

मध्यान्हापर्यंत आठ मासे पिशवीत गेले. आणि नववा मामंजी लागले. त्यांस आणताना बाईसाहेबांचा जीव अर्धा झाला. दोनदा वाटले की काठी सोडून द्यावी आणि तिथेच आडवे व्हावे. मनात म्हणाल्या, खांदा गेला माझा, साडेतीन शेरांचा मासा म्हातारीला साडेचार शेरांचा लागतो. खांद्यास दोष दिला, माशाकडे पाहिले नाही. बेरीज केली तो एकवीस. साडेतीन घालून साडेचोवीस. आता ही पिशवी भरली, याउपरी दुसरी. आणि मामंजींस पहिल्या पिशवीत सोडावयास हात पुढे केला.

तो पाठीमागे तुळजाबाई खोकली.

ती काठावर बसून सगळे पाहत होती. तिने पाहिले होते की पिशवीचा दोर सरळ ताणला आहे आणि काठावरची खुंटी पाण्याकडे झुकली आहे. आणि तिला हेही ठाऊक होते की पाऊसभर तळे बंद असता धन्याने माशांस रोज पोत्याने खाद्य घातले, कारण खाद्याची गाडी तिच्या माहेरच्या दारावरून जात असे. मासे पाच महिने नुसते खाऊन बसले होते. ती आणखी जोराने खोकली. अक्षर बोलणे मना होते, खोकणे मना नव्हते.

बाईसाहेब मागे न वळता बोलिल्या, "काय झालं? घसा धरला असेल तर घरी जाऊन काढा घे. इथं मासे बिचकतात."

"आत्याबाई…"

"गप!"

मामंजी पिशवीत गेले. रंगोजी शेजारून हसला आणि म्हणाला, "सुनेला वारा बाधला वाटतं." आणि मग दुपारभर बाईसाहेबांनी दुसऱ्या पिशवीत सहा मासे घातले, एकेका माशागणिक पाठ वाकत गेली, आणि उन्हे कलली, आणि दुसरे शिंग झाले.

मग तोलदार विसाजीपंत काटा घेऊन दगडोदगडी फिरो लागले. हे सज्जन मनुष्य, चष्म्यावरून पाहणारे, बाईसाहेबांविषयी आदर बाळगून. रंगोजीच्या पिशव्या बावीस आणि तेवीस, मिळून पंचेचाळीस शेर. त्याहून वर कोणी नव्हते. मग बाईसाहेबांची दुसरी पिशवी आधी टांगिली, ती अठरा. लोक बोटांवर मोजू लागले. पहिलीत पुरते पंचवीस असले तरी त्रेचाळीस, म्हणजे बाई गेल्या. तो पहिली पिशवी टांगिली आणि दोन गडी लागले, आणि काटा सरकत सरकत तिसावर जाऊन उभा राहिला.

तीस आणि अठरा, अठ्ठेचाळीस शेर. सारे तळे एका बाईने उपसले होते. आणि पाच शेर त्यांतले बाद.

विसाजीपंत काट्याकडे पाहत राहिले आणि हळू आवाजात बोलिले, "बाईसाहेब, जाळी ओली आहे. निथळू देऊ जरा, पिशवी जास्त भरल्याचा बोल तरी लागायला नको. मग पुन्हा पाहू."

"पंत, निथळून पाच शेर जायला ती पिशवी आहे की पखाल? पंचवीस लिहा."

"पण तुमचे मासे तर…"

"माझे मासे मोजायचं काम माझं होतं. लिहा म्हणते ना."

पंतांनी पंचवीस लिहिले. पंचवीस आणि अठरा, त्रेचाळीस. रंगोजी दोन शेरांनी जिंकला. जिंकूनही त्याचे तोंड उतरले होते, आणि तो प्रथमच काही बोलला नाही, हे त्याच्या बाजूने लिहून ठेवणे योग्य. मग पिशव्या पाण्यात नेऊन उघडिल्या, आणि मामंजी बाहेर निघाले, घटकाभर काठालगत उभे राहिले, आणि बाईसाहेबांनी त्यांस प्रथमच नीट पाहिले. पोट हे एवढे सुटलेले. बाईसाहेब पाण्याकडे पाहूनच म्हणाल्या, "तुळजे."

"जी."

"तू खोकलीस ती ह्याचसाठी?"

"जी."

"मी हरले तर काठी तुझी होणार होती. ठाऊक होतं ना?"

"ठाऊक होतं."

"मग कशाला मेली खोकलीस?"

तुळजाबाईने गोणपाटाची घडी करीत म्हटले, "आपण अशा हराव्यात हे बघवेना."

लोक पुढे म्हणू लागले की त्यांनी सुनेसाठी जाणूनबुजून पिशवी जास्त भरली. लोकांस काय, त्यांच्या तोंडास सुट्टी नाही. सगुणाबाई हिवरेकर जाणूनबुजून कधी हरल्या नाहीत, त्या चुकल्या, आणि चुकल्या त्या आपल्याच तोऱ्यात. त्या म्हणाल्या, "तुझ्या खोकल्यानं जिंकले असते तर काठी मोडून चुलीत घातली असती, हे ध्यानात ठेव." आणि मग काठी उचलिली, आणि दोर गुंडाळून गळ बुचात टोचिला, आणि सर्वांसमक्ष पुढे केली. तुळजाबाई मागे सरली. म्हणाली, "मला अशी नको, आत्याबाई."

"अशी म्हणजे कशी? मला काय खऱ्या मामंजींनी ओवाळून दिली होती? त्यांच्या हातातून सुटली तेव्हा मी धरली. धर. माझा खांदा अवघडलाय."

तिने धरिली. बाईसाहेबांनी पाट काखेत घेतला आणि बांधावरून चालू लागल्या, आणि बळवंतराव डबा घेऊन मागून गेले.

पुढील रविवारी तुळजाबाई पहाटेच तळ्यावर गेली. बाईसाहेब अंथरुणात जाग्या होत्या, दाराची कडी वाजली ती ऐकिली, आणि उठल्या नाहीत. उन्हे खिडकीत आली तरी उठल्या नाहीत. खांदा तसाच दुखत होता, परंतु आज त्यास काही काम नव्हते, आणि हे चांगले की वाईट याचा निवाडा त्यांच्याने होईना. दिवसभर घरात फिरल्या, एक बरणी पुसली, तीच दुसऱ्यांदा पुसली. दिवे लागणीस सून आली, पायांस चिखल, नाक उन्हाने सोललेले.

"किती?"

"एकोणीस शेर."

"कमी आहे."

"हो, आत्याबाई."

"मोजले होतेस?"

"एकेक मोजला."

"पाठ दुखते?"

तुळजाबाईने आधी नाही म्हटले आणि मग हो म्हटले.

"दुखायचीच. बस तिथं, पाटावर. चहा मी टाकते." आणि बाईसाहेब चुलीपाशी गेल्या. दहा वर्षांत हे त्या घरात घडले नव्हते, आणि बळवंतराव दारात उभे होते ते तसेच उभे राहिले, कारण समोर ताट नव्हते.

येणेप्रमाणे काठी गेली आणि घर राहिले. रंगोजी चौखंडे यांनी ते साली मान मिळविला, तो त्यांच्या भिंतीवर टांगला आहे. मासे होते तेथेच आहेत, आणि आणखी लठ्ठ झाले आहेत. सांगण्याजोगे तितके सांगून झाले. उरले ते ज्याचे त्याने समजून घ्यावे आणि आपल्या कामास लागावे.