नेमाण्णांचं साठ वर्षांचं रान

नेमाण्णांना लग्नाची पत्रिका द्यायची तर दोन न्याव्या लागतात. एक वाचायला आणि एक फाडायला.

आमच्या मंगळवार पेठेत हे आता सगळ्यांना ठाऊक आहे. नवीन माणूस मात्र फसतो. बिचारा हळद-कुंकू लावलेली पत्रिका दोन्ही हातांनी पुढे करतो, "सगळ्यांनी यायचं बरं का," म्हणतो, आणि अण्णा तिचा कोपरा चिमटीत धरून टर्रकन फाडतात. फाटलेली कड उजेडाकडे धरतात, डोळा बारीक करतात, मग कडेला जिभेचं टोक लावतात.

"धागा आखूड हाय. रद्दीचा कागद, वरनं नुसता रंग चोपडलाय. किती पोरी हायत तुम्हास्नी?"

"दोन."

"मग धाकलीला तरी बरा कागद घ्या."

एकदा एका वरमाईनं अपशकुन झाला म्हणून तिथंच डोळ्याला पदर लावला. अण्णांना काही कळेना. "आवं, तुमच्या पोराला काय केलं व्हय मी? कागद बघितला," एवढंच ते म्हणत राहिले. शेवटी त्या लग्नात पंगतीला वाढायला उभं राहून त्यांनी भरपाई केली.

नेमगोंडा मगदूम हे त्यांचं पूर्ण नाव. वय शहात्तर. गावाबाहेर त्यांची कागदाची गिरणी आहे. रद्दीचा लगदा करून त्यापासून खोक्यांचा जाड तपकिरी कागद करायचा, हा धंदा. मी तिथं सतरा वर्षं इंजिनियर आहे. पाटीवर 'मगदूम आणि बंधू' असं लिहिलेलं असलं तरी मी आलो त्याच्या आदल्याच वर्षी वाटणी झाली होती. धाकटे बंधू भूपाल इचलकरंजीला जाऊन यंत्रमाग टाकून बसले होते. पाटी कुणी बदलली नाही, आणि अण्णांना त्याबद्दल विचारायची कुणाची छाती नव्हती.

अण्णांविषयी गमतीनं लिहायचा मला फारसा अधिकार नाही, हे आधीच सांगून टाकतो. मी त्यांचा गुन्हेगार आहे. ते पुढे येईलच.

सोळा वर्षांपूर्वी अण्णा कागद वाळवायचं जुनं मशीन बघायला स्वीडनला गेले. जन्मात पहिल्यांदाच विमानात बसत होते. तिथं एका कुटुंबाची जंगलं आणि कागदाच्या गिरण्या होत्या, त्यांनी नवं मशीन घेतलं म्हणून जुनं काढायचं होतं. अण्णा जैन. सूर्य मावळल्यावर अन्नाला शिवत नाहीत, जमिनीखालचं काही खात नाहीत. आणि गेले ते जून महिन्यात, बटाट्याच्या देशात.

"सूर्य मावळंचना की रं! जेवलो, हात धुतला, तर ऊन तसंच. म्हटलं अजून वेळ हाय, परत जेवलो. दिवसातनं तीनदा चटणी-दशमी खाल्ली. चौथ्या दिशी दशम्या संपल्या आणि सूर्य तसाच वर!"

मशीन आलं. पण अण्णा त्याबरोबर एक कथाही घेऊन आले, आणि ती त्यांनी ऐकवली नाही असा माणूस पेठेत शिल्लक नाही. न्हाव्याला ती पाठ आहे. अण्णा दाढीला बसले की कथा सुरू होते, आणि दुसऱ्या पिढीपर्यंत आलं की त्यांचे हात हलायला लागतात, म्हणून तो वस्तरा बाजूला ठेवून उभा राहतो.

कथा अशी. "त्येंचा पणजा म्हंजे आपल्या वडगावच्या सुतारासारखा माणूस. नदीकाठाला पाण्यावर चालणारी एक करवत, बास. वर डोंगरात झाड तोडायचं, नदीत सोडायचं, खाली धरायचं. मालकाची वळख ओंडक्यावर कुऱ्हाडीनं खूण मारून. त्येचा पोरगा हुशार निघाला. त्यो म्हणाला, फळ्या कापून ह्यो ढलप्यांचा डोंगर पडतोय, ह्यो फुकट का घालवायचा? शिजवला, लगदा केला. पयला कागद काढला त्यो आपल्यापेक्षा वंगाळ हुता, मी बघितलाय, काचंत लावून ठेवलाय त्येंनी. तिसऱ्या पिढीला दोघं भाऊ. एकानं रान बघायचं, दुसऱ्यानं गिरणी. रानवाल्यानं गिरणीत तोंड घालायचं न्हाय आणि गिरणीवाल्यानं रानात. पर दुपारचं जेवाण एका टेबलावर. चाळीस वर्सं! त्येंच्या वेळला एकाच्या तीन गिरण्या झाल्या. आता चौथी पिढी दुधाची खोकी करतीया. आणि आजबी एक झाड तोडलं की तीन लावायची. आज्यानं लावलेलं नातवानं तोडायचं. साठ-सत्तर वर्सं लागत्यात तिकडं एका झाडाला."

या दोन भावांपाशी अण्णा नेहमी रेंगाळत. ते काय खायचे, कोण कुठल्या खुर्चीवर बसायचा, सगळं सांगायचे. मला वाटायचं, म्हाताऱ्याला तपशिलाची हौस आहे.

तेव्हापासून अण्णांच्या तोंडी एक वाक्य बसलं: "साठ वर्सांनी कळंल." नवा रस्ता कसा झालाय? साठ वर्सांनी कळंल. शेजारच्या पाटलांनी जावई दाखवायला आणला, "कसा वाटतोय पोरगा, अण्णा?" तर पोरासमोरच, "साठ वर्सांनी कळंल की."

पण नुसतं बोलून ते थांबले नाहीत. परत आल्याच्या वर्षी त्यांनी कळंब्याच्या पलीकडं चौदा एकर मुरमाड माळ घेतला आणि त्यात ऐन, किंजळ, हेद अशी सह्याद्रीतली सावकाश वाढणारी झाडं लावली. मी सांगून पाहिलं, "अण्णा, आपल्या गिरणीला रद्दी लागते. आणि झाडंच लावायची तर निलगिरी लावा, पाच वर्षांत तयार."

"पाच वर्सांत तयार हुतंय ते झाड न्हवं, ते ऊस हाय," अण्णा म्हणाले. "आणि रद्दी कशाची हुती रं? कागदाची. कागद कशाचा? मग?"

अण्णांना मूलबाळ नाही. त्यांच्या पत्नी, आमच्या काकी, लवकर गेल्या. नातवासाठी झाडं लावणाऱ्या या माणसाला नातू कुठून येणार, हा प्रश्न पारावर रोज चघळला जायचा. अण्णा तिथूनच जायचे, खांद्यावर कुदळ टाकून. "व्हय, चाललोय. तुमच्या नातवास्नी तरी सावली हुईल," म्हणायचे. रोज पहाटे रानात जाऊन बारडीनं एकेका झाडाला पाणी घालायचं, आठ वाजता गिरणीत यायचं. पहिल्या उन्हाळ्यात अर्धी झाडं गेली. परत लावली. दुसऱ्या वर्षी म्हशी घुसल्या. परत लावली. तिसऱ्या वर्षी वणवा कुंपणापर्यंत आला, तेव्हा हे गोणपाट ओलं करून एकटे उभे.

आता माझं.

अकरा वर्षांपूर्वी ऐन उन्हाळ्यात अण्णांच्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन झालं. दवाखान्यात स्ट्रेचरवर झोपून त्यांनी माझा हात धरला. "इंजिनेर, गिरणी बंद पडली तरी चालंल. रानाचं पाणी चुकवू नगंस."

मी हो म्हणालो. आठ दिवस नेमानं गेलो. मग गिरणीत बेअरिंग गेलं, मी त्यात अडकलो. दोन दिवसांनी काय होतंय, असं म्हणत दोनाचे वीस झाले. गेलो तेव्हा विहिरीकडची झाडं तग धरून होती, पण पश्चिमेला चढावरची, आदल्याच पावसाळ्यात परत लावलेली ऐनाची अख्खी ओळ वाळून काड्या झाली होती. मी एक काडी मोडून पाहिली. आत हिरवं काही नव्हतं.

तेव्हा जाऊन सांगायला हवं होतं. मी नर्सरी गाठली. माळ्यानं "ऐन त्या अंगाला हाय" म्हणून हात केला, मी घाईत शेजारच्या वाफ्यातली रोपं उचलली, आणि दोन रविवार एकट्यानं खपून ती लावली. अण्णा कुबड्या घेऊन आले, बराच वेळ त्या ओळीत फिरले आणि म्हणाले, "तगली की रं."

"हो," मी म्हणालो.

एवढंच खोटं. पण झाड वाढतं हे मी विसरलो होतो. ऐनाची साल काळी, मगरीच्या पाठीसारखी भेगाळलेली असते. चार-पाच वर्षांत इतर ओळी काळ्या व्हायला लागल्या आणि माझी ओळ पांढरट, गुळगुळीत, चुना दिल्यासारखी उभी राहिली. तो अर्जुन होता. नदीकाठचं झाड. माझं पाप दर पावसाळ्यात हातभर उंच होत होतं आणि डांबरी रस्त्यावरून दिसत होतं. पाहुण्यांना रान दाखवायची वेळ आली की मी त्यांना पूर्वेच्या बाजूनं न्यायचो आणि विहिरीपासून परत फिरवायचो.

गेल्या महिन्यात अण्णांनी मला केबिनमध्ये बोलावलं. "आयतवारी रानात ये. हद्द चालायची."

हद्द चालणं हा त्या स्वीडनच्या घराचा रिवाज. रान पुढच्या माणसाच्या हाती सोपवायचं तेव्हा दोघांनी सगळी हद्द पायी फिरायची. नवा पुढं, जुना मागं. म्हणजे अण्णा ते चौदा एकर माझ्या हवाली करणार होते. ज्यानं मारलं त्याच्याच हवाली.

रविवारी सकाळी आम्ही निघालो. मी पुढं, मागं काठी टेकत अण्णा. पश्चिमेची ओळ शंभर पावलांवर आली आणि मी थांबलो.

"अण्णा, मला एक सांगायचंय. ते ऐकल्यावर रान द्यायचं की नाही ते ठरवा."

"चालत सांग. थांबायचं न्हाय आणि मागं बघायचं न्हाय."

मग मी चालत सांगितलं. बेअरिंग, वीस दिवस, नर्सरी, तो हो. साठ झाडं मारली, म्हणालो. मागं काठीचा आवाज एका चालीत येत होता. माझं संपलं तेव्हा तो थांबला.

"साठ न्हाय," अण्णा म्हणाले. "त्रेसष्ट."

मी नियम मोडून मागं वळलो. "तुम्हाला ठाऊक होतं?"

"इंजिनेर, म्या कागद चाटून झाड वळखतो. उभं झाड वळखू न्हाय व्हय? कुबड्या घिऊन आलतो त्याच दिशी पान उलटं करून बघितलं. म्हणूनच तर त्या ओळीत झाडागणिक दोन बारड्या घालतोय. पाण्याकाठचं झाड तू माळावर आणून उभं केलंस, त्यात त्येचा काय गुन्हा?"

"मग अकरा वर्षं बोलला का नाहीत?"

अण्णा एका धोंड्यावर बसले. काठी दोन पायांमध्ये धरली.

"एकदा बोललो हुतो," ते म्हणाले. "भूपालनं लगद्याच्या टाकीची झडप उघडी टाकली. सगळा लगदा गटारात गेला. दोन तासांचा माल रं, फकस्त. म्या त्येला कामगारांम्होरं बोललो. आई-बा काढलं. त्यो सांडलेलं फडक्यानं पुसत हुता, फडकं खाली ठिवलं आणि गेला. त्येला आता अठरा वर्सं झाली. झाड गेलं तर दुसरं लावता येतंय. तूबी गेला असतास तर म्या कुणाला लावणार हुतो?"

काहीतरी म्हणायचं म्हणून म्हणालो, "इचलकरंजी काय लांब आहे, अण्णा? तासाभराची बस. तुम्ही तर स्वीडनला जाऊन आलात."

"स्वीडननं व्हिसा दिला," अण्णा म्हणाले. "इचलकरंजीचा कोण देतोय?"

मग पांढऱ्या खोडांकडं बघत त्यांनी मला ते सांगितलं, जे त्या कथेत कधीच आलं नव्हतं.

"मशीन काय, मुंबईतबी मिळत हुतं. म्या गेलतो ते त्या म्हाताऱ्याला बघायला. त्या दोन भावांतला थोरला. मशीनचा एजंट म्हणाला हुता, चाळीस वर्सं एका टेबलावर जेवल्यात, कधी आवाज न्हाय. म्हटलं जाऊन इचारू, कसं जमवलं. त्येनं मला रानात नेलं. म्या इचारलं."

"काय म्हणाला?"

"लई बोलला. धा मिंटं. एकदा डोळं पुसलं. माझ्या खांद्यावर हात ठिवला."

"पण म्हणाला काय?"

"आता मला काय म्हाईत? बोललेलं उलगडून सांगायला त्यो एजंट हुता, त्यो झुडपाआड मुतायला गेलता."

मला हसू आलं. "आल्यावर विचारायचं की!"

"त्येच्याम्होरं? त्यो मशीन विकणारा माणूस. त्येच्याम्होरं म्या भावाचं काढू?" अण्णांनी काठीनं मुरूम उकरला. "म्हातारं बोलताना सारखं झाडाकडं बोट करत हुतं. एवढंच कळलं. म्हणून आलो आणि झाडं लावली."

वारा नव्हता. खाली रस्त्यावरून एक ट्रॅक्टर गेला, त्याचा आवाज बराच वेळ येत राहिला.

"अण्णा," मी म्हणालो, "कदाचित तो नुसतं झाडाचं नाव सांगत असेल."

"आसंल की," अण्णा म्हणाले. "पर आता चौदा एकर झालं न्हवं." आणि गुडघ्यांवर हात देऊन उठले.