केंद्राला चूल नाही

टुंडीलालजी बिसेनांकडे लोणचं मागायला गेलं की ते आधी विचारत, "कोणत्या यादीतलं?"

मी गावात नवा मास्तर, त्यांच्या शेजारी बिऱ्हाड घेतलेलं. मला वाटलं, किराण्याची यादी म्हणत असतील. तर ते म्हणाले, "गुरुजी, तुम्ही शिकले-सवरले मानूस. एक केंद्राची यादी रायते, एक राज्याची रायते, अन् एक दोघायची मिळून रायते. लोणचं दोघायचं हाये. मंजुरीले टाइम लागते." त्या दिवशी मी वरणभातच जेवलो.

ही भानगड सुरू झाली देश प्रजासत्ताक झाला त्या वर्षी. तिघे धाकटे भाऊ वाटणी मागत होते आणि टुंडीलालजी वाटणीचा कागद करायला गोंदियाला एका वकिलाकडे गेले. वकील नव्या घटनेच्या कौतुकात आकंठ बुडालेला. वाटणी राहिली बाजूला, त्याने यांना संघराज्य म्हणजे काय ते दुपारभर समजावलं. टुंडीलालजी घरी आले ते घटना घेऊनच. भावांना अंगणात बसवून त्यांनी जाहीर केलं, "वाटणी नाई. संघराज्य. चुली तीन, अंगण एक, बैल सगळ्यायचे."

प्रत्येक भावाची चूल म्हणजे एक राज्य. थोरले म्हणून टुंडीलालजी स्वतः केंद्र. केंद्राकडे तीनच खाती. संरक्षण, म्हणजे मोती कुत्रा. दळणवळण, म्हणजे बैलगाडी. आणि परराष्ट्र व्यवहार, म्हणजे सोयरेधायरे. बाकीचं ज्याचं त्याने पाहावं. कलम मात्र एक फार कडक होतं: बोलावल्याशिवाय दुसऱ्याच्या चुलीपाशी पाऊल टाकायचं नाही. गंमत म्हणजे या कलमाने घरातली निम्मी भांडणं खरोखर मिटली.

उरलेली निम्मी भाषेने मिटवली. तिघी जावांपैकी मोठी पोवारी बोलायची, मधली डोंगरगडची म्हणून छत्तीसगडी आणि धाकटी भंडाऱ्याकडची, तिची झाडीबोली. रोज एकमेकींशी छान जुळवून घेत, पण भांडण पेटलं की तिघी आपापल्या भाषेत सुटत आणि नेमका काय अपमान झाला ते तिघींनाही धड कळत नसे. टुंडीलालजी खाटेवर बसून खूश होऊन ऐकत. मला म्हणत, "म्हणून त टिकून रायलं घर. भाषा एकच असती त कवाच फुटलं असतं."

धर्माचंही तसंच. मधलीच्या चुलीवर देवाला कोंबडं चढे. धाकटी महानुभाव, तिला मांसाचा वास आला तरी ती अंगणभर पाणी शिंपडत सुटे. मी एकदा विचारलं, तुम्ही कोणाच्या बाजूचे?

"केंद्राले धर्म नसते, गुरुजी. केंद्र सगळ्यायचा परसाद खाते."

आणि खातही. तंगडी संपवायची, खळखळून चूळ भरायची आणि शिऱ्यासाठी धाकटीच्या दाराबाहेर जाऊन उभं राहायचं. आत जायचं नाही. बोलावणं येईपर्यंत नुसतं खोकायचं. टुंडीलालजींचा खोकला ऐकला की गल्लीतल्या लहान पोरांनासुद्धा कळे, केंद्राला भूक लागली.

केंद्राला स्वतःची चूल नव्हती. बायको कधीच गेलेली, त्यामुळे ते आळीपाळीने भावांकडे जेवत. मी सकाळी हटकून विचारी, "आज कुठल्या राज्याचा दौरा?" ते हसत.

अंगणाच्या कडेला मात्र एक चौथी चूल होती. कधी पेटलेली दिसायची नाही, पण बाजाराच्या दिवशी टुंडीलालजी धोतर खोचून ती स्वतः शेणाने सारवत. पुरुषमाणूस चूल सारवतोय म्हणून अख्खं गाव हसे. मोठ्या जावेने एकदा तिच्यावर गोवऱ्या रचायला घेतल्या, तर केंद्र मोतीसकट धावून आलं. मी चेष्टेत म्हटलं, "हा गोवा दिसतोय, पुढे सामील होणारा." तेव्हापासून गाव त्या चुलीला गोवाच म्हणू लागलं.

खरं काय ते धाकटीने सांगितलं. चूल फुलवंतीची. टुंडीलालजींची एकुलती एक लेक. आई गेली तेव्हा लहान होती. तव्यापर्यंत हात पोचायला लागला तसा बापाचा स्वयंपाक तिनेच हाती घेतला. पुढे तिला बाघ नदीपलीकडे दिली. दिवाळीनंतर गावची मंडई, म्हणजे जत्रा, भरते, तेव्हा सगळ्यांच्या लेकीबाळी माहेरी येतात. टुंडीलालजी गाडी जुंपून फुलवंतीला आणायला जात आणि ती असेपर्यंत ती चूल पेटे. वर्षभर सारवायची ती तेवढ्यासाठी.

मग राज्यांची नवी आखणी झाली. आमचा जिल्हा मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात गेला. गावात मुंबई कोणी पाहिलेली नव्हती. आता आपल्याला समुद्र मिळणार का, म्हणून मला चौघांनी विचारलं. टुंडीलालजी आमच्या इकडच्या गोरेगावच्या बाजारातून थेट शाळेत आले.

"गुरुजी, फुलवंतीचं गाव कोणाकडं?"

"बालाघाटकडचं ना? ते मध्य प्रदेशातच राहिलं."

"अन् आपलं मुंबईत." ते पोरांच्या बाकावर बसले. "म्या त पोरगी एकाच राज्यात देली होती."

मंडई जवळ आली तरी गाडी जुंपायचं नाव नाही. मी विचारलं तर म्हणाले, "दुसऱ्याच्या राज्यात बोलावल्याशिवाय बैल कसे घालू? माझंच कलम हाये."

"अहो, ते चुलीसाठी होतं."

"घरात एक अन् देशात एक, असं चालते का?"

तिकडे व्याही फुगून बसले. लेकीला न्यायला बापाने दारात यायचं, ही रीत. बाप येत नाही तर सून पाठवायची कशी? बाजारकरूंकडून निरोप गेले-आले आणि शेवटी ठरलं, दोघांनी नदीपर्यंत यायचं. मंडईच्या सकाळी टुंडीलालजींनी गाडी जुंपली आणि साक्षीदार म्हणून मला बसवून घेतलं.

नदीला पाणी थोडंच होतं. पलीकडच्या वाळूत व्याह्यांची गाडी, तिच्यात फुलवंती. अलीकडे आम्ही. व्याही बिडी ओढत आमच्या बैलांकडे बघत होते, टुंडीलालजी बिडी ओढत त्यांच्या. मध्ये दोन राज्यांची हद्द नुसती खळाळत होती. मला हसूही येत होतं आणि भीतीही वाटत होती, की हे दोघे खरोखरच माघारी फिरतील. टुंडीलालजींची बिडी विझली होती. ती ते तशीच ओढत होते.

मग फुलवंती खाली उतरली. लुगडं खोचून सरळ पाण्यात शिरली आणि नदीच्या मधोमध येऊन उभी राहिली.

"बाबूजी, मी बोलावून रायली ना. कायले उभे रायले तिकडं? या."

बोलावणं आलं होतं. टुंडीलालजी जोड्यांसकट पाण्यात शिरले. तिच्यापाशी पोचेपर्यंत धोतर गुडघ्यापर्यंत भिजलं होतं. तिचा हात धरून ते तिथेच उभे राहिले आणि लहान मुलासारखे रडले. पलीकडून व्याही ओरडले, "बिसेनजी, जूते तो उतार लेते!" आणि स्वतःच डोळे पुसायला लागले.

दुपारी चौथ्या चुलीतून धूर निघाला. तिघी जावांनी मंडईचा सण म्हणून आपापल्याकडे जेवायला बोलावलं, पण केंद्राचं कुठेच लक्ष नव्हतं. टुंडीलालजी कोरडं धोतर नेसून आले, स्वतः सारवलेल्या त्या जागेच्या कडेला थांबले आणि सवयीने खोकले.

फुलवंतीने मागे वळूनही पाहिलं नाही. ताटात भात वाढता वाढता म्हणाली, "खोकता कायले, बाबूजी? तुमचीच चूल हाये."

ते बसले. पहिला घास घेतल्यावर त्यांनी जेवण होईपर्यंत मान वर केली नाही.