आडव्या बाटलीचा गुण

मारुतरावांनी गावात दारूबंदी आणली, त्याचं कारण दारू नव्हती, आनंदराव होते. देशी दारूचं दुकान आनंदरावांचं, आणि सोसायटीच्या निवडणुकीत मारुतरावांना पाडलं तेही आनंदरावांनीच. त्यानंतर मारुतरावांना एकाएकी गावातल्या आयाबहिणींचे अश्रू दिसायला लागले. दारूबंदीच्या मतदानात दुकान ठेवायचं तर उभी बाटली, बंद करायचं तर आडवी, अशी दोन चिन्हं असतात. मारुतराव रिकामी बाटली हातात धरून बायकांना समजावत, "एकदा बाटली आडवी करा, सगळी घाण आपोआप वाहून जाती." बायकांनी ऐकलं आणि दुकानाला कुलूप लागलं.

समाजसेवेच्या भरात एक गोष्ट मात्र ते विसरले. संध्याकाळची पावशेर मारुतरावांनाही लागायची.

बाकीचे पिणारे मोटारसायकली काढून शेजारच्या न्हावऱ्याच्या दुकानात जायला लागले. पूर्वी माणसं गावात पडायची, आता रस्त्यात पडतात, एवढी सुधारणा झाली. पण दारूबंदी समितीच्या अध्यक्षांनी कुठं पडायचं? त्यांनी गावाचं दूध न्हावऱ्याला घालणाऱ्या गोकुळला गाठलं.

"येताना आमच्या रिकाम्या किटलीत पावशेरची बाटली टाकत जा."

"आन् कुणी बघितलं तर, आप्पा?"

"दुधाच्या किटलीत कोण बघतंय?"

महिनाभर कोणी बघितलं नाही. मग देवळापुढं मारुतरावांचा जाहीर सत्कार ठरला. दोन घोट पोटात गेले नाहीत तर त्यांचे हात थरथरत आणि भाषण तर सुचतच नसे. त्या संध्याकाळी ते घाईनं घरी आले, तर किटली घासूनपुसून पालथी घातलेली.

"हिच्यात काय व्हतं का?" त्यांनी जमेल तेवढ्या सहज विचारलं.

"व्हती की बाटली," त्यांची बायको धुरपदाबाई भाकरी थापता थापता म्हणाली. "मोरीत ठेवलीय."

बाटली मोरीतच होती. बूच काढलेली, आडवी आणि कोरडी ठणठणीत.

"अगं, उभी ठेवायची की!" मारुतराव कळवळले.

"उभी कशी ठीवू? तुमीच शिकवलं न्हवं का, आडवी केली की सगळी घाण वाहून जाती."

समितीचे अध्यक्ष तसेच कोरडे सत्काराला गेले. माइक धरलेला हात लटलटत होता आणि डोळ्यांत पाणी होतं. पुढं बसलेल्या बायकांनी पदर डोळ्यांना लावले. आपल्यासाठी एवढं तळमळणारा माणूस त्यांनी पाहिला नव्हता.

गावात एकोपा दिसावा म्हणून हार घालायला आनंदरावांनाच बोलावलं होतं. हार घालताना ते मारुतरावांच्या कानाशी लागले.

"आप्पा, पुढलं दार तुमी बंद केलं, मागलं उघडं हाय. भाव तेवढा डबल झालाय. लायसनची कटकट गेली, तुमचे लई उपकार."

टाळ्या वाजत होत्या. मारुतरावांनी हात जोडले, मान लववली आणि ओठ न हलवता विचारलं,

"उभी हाय न्हवं?"