माशीची जात

१९७४ साली जत तालुक्यात एका मेंढीच्या पाठीवरील जखमेत अळ्या पडल्या. ही बाब धुळा नावाच्या मेंढपाळाने, मेंढीला खांद्यावर घालून सात मैल चालत येऊन, जनावरांच्या दवाखान्याच्या निदर्शनास आणली.

सांगलीकडून नुकतेच बदलून आलेले डॉक्टर बाहुबली उपाध्ये सज्जन होते. त्यांनी आधी मेंढीला पाणी पाजले, मग कपाटातून छापील तक्ता काढला. औषधाची बाटली टेबलावरच होती. पण नव्या परिपत्रकानुसार अळ्या कोणत्या माशीच्या हे नोंदवल्याखेरीज तिचे बूच काढता येत नव्हते.

"माशी पाहिलीस?"

"व्हय. हिरवी हाय."

"हिरवी, की निळसर हिरवी?"

"उन्हात हिरवी, सावलीला निळी."

"गाल? नारिंगी होते? पाठीवर राठ केस किती?"

"आवं सायेब, मी तिला हाकलीत हुतो!"

दुसऱ्या दिवशी धुळाने माशी मारून आणली. पंख शाबूत होते, पण डोके चेपल्यामुळे गाल अमान्य झाले. तिसऱ्या दिवशी त्याने पेल्यात कोंडून जिवंत माशी आणली. ती स्वस्थ बसेना. केसांची मोजणी दोनदा चुकली.

डॉक्टरांनी जिल्ह्याला फोन लावला. उत्तर स्पष्ट होते : अळीची माशी होऊ द्यावी, मग जात ठरवावी. तोवर औषध घालू नये. पुरावा नष्ट होईल.

"किती दिस?" धुळाने विचारले.

"आठ-दहा."

"आन् मेंढी?"

मेंढीबद्दल फोनवर काही सांगितलेले नव्हते. धुळाने बाटलीकडे हात नेला. डॉक्टरांनी तो धरला. हळूच, पण धरला.

मेंढी पाचव्या दिवशी मेली. बरणीत मातीवर ठेवलेल्या अळ्यांच्या मात्र यथावकाश उत्तम माश्या झाल्या. गाल नारिंगी, केस पुरेसे. जात एकमताने ठरली. टाचणीला टोचलेल्या चार माश्या सांगलीच्या प्रदर्शनात काचेखाली मांडल्या गेल्या, डॉक्टरांना प्रशस्तिपत्र मिळाले आणि औषधाला मंजुरी आली. डॉक्टर स्वतः सायकलवरून बाटली घेऊन धुळाच्या मेंढवाड्यावर गेले.

"आता कुठं घालू हे?" धुळा म्हणाला.

डॉक्टर खाली बघत म्हणाले, "पोचल्याचा अंगठा दे."

धुळाने दिला.

ती माशी आता कुठे दिसली तर तुम्हीही अचूक ओळखाल. मेंढी काळी होती की पांढरी, हे मात्र विचारायचे तुमच्याही लक्षात आले नाही.