गा का वं?

मनोहरभाऊंशी तुमची नवी ओळख झाली, तर ते तुमचं नाव-गाव काही विचारणार नाहीत. डोळे बारीक करून एवढंच म्हणतील, "मले फक्त एक सांगा. गा का वं?"

आमच्या गल्लीत नवा भाडेकरू आला की पहिल्याच आठवड्यात तो माझ्याकडे येऊन हळूच चौकशी करतो, समोरचे काका बरे आहेत ना? ते ठणठणीत आहेत. कळमन्याच्या बाजारात त्यांची संत्र्याची अडत आहे आणि तिथे त्यांच्या शब्दाला मान आहे. फक्त त्यांच्या डोक्यात एक पिक्चर अडकलंय आणि ते काही केल्या निघत नाही. दातांच्या डॉक्टरांनी तोंडात यंत्र घातलेलं असतानाही त्यांनी हा प्रश्न विचारला होता. डॉक्टरांना वाटलं फारच दुखतंय, म्हणून त्यांनी आणखी एक इंजेक्शन दिलं.

पिक्चर अंतराळातलं, इंग्रजी, पण हिंदीत डब केलेलं. त्याचं खरं नाव गल्लीत कोणालाच येत नाही. आम्ही त्याला 'खाली सीटवालं' म्हणतो. मनोहरभाऊ आणि शोभावहिनींनी लग्नानंतर जोडीनं पाहिलेलं हे पहिलं पिक्चर. शेवटी म्हातारा कप्तान लढाईवर निघायला एकटाच यानात बसतो, परत येण्याची काही आशा नाही. त्याच्या शेजारची सीट रिकामी. इंजिन सुरू करताना तो त्या सीटवर हात थोपटतो आणि म्हणतो, "चल, बैठ. देर हो गई." संपलं. कोणाला म्हणाला, पिक्चर सांगत नाही.

हिंदीत 'चल, बैठ' पुरुषालाही चालतं आणि बाईलाही. पण हे जोडपं पडलं काटोलकडचं. त्यांच्या डोक्यात सगळं वऱ्हाडीत उतरतं, आणि वऱ्हाडीत माणसाला बोलवायचं तर मागे गा नाही तर वं लावल्याशिवाय वाक्य पुरं झाल्यासारखं वाटत नाही. पुरुष असेल तर गा, बाई असेल तर वं. थिएटरच्या पायऱ्या उतरतानाच मनोहरभाऊ म्हणाले, "चाल गा, बस. मस्त म्हणला ना? त्याचा मेलेला दोस्त हाय तो." वहिनी जागीच थांबल्या. "दोस्त काहून? चाल वं, बस, असं म्हणला तो. बायको हाय त्याची."

तिथे जे भांडण सुरू झालं, ते पोरी मोठ्या होऊन सासरी गेल्या तरी मिटलं नाही.

मनोहरभाऊंचं म्हणणं, लढाईवर निघालेला माणूस शेजारी दोस्तच बसवेल. "बायकोले संगं नेली तर लढाई यानातच सुरू होईन." वहिनींचं उत्तर तयार असे. "देर हो गई असं कोणता माणूस दोस्ताले म्हणते? हे फक्त बायकोलेच म्हणते." या मुद्द्यावर गल्लीतल्या सगळ्या बायका वहिनींच्या बाजूने होत्या. आमची हीसुद्धा.

मी शाळेत विज्ञान शिकवतो. एकदा मी म्हणालो, अहो, अंतराळात हवाच नसते, तिथे स्फोटाचा आवाज कसा येईल? मनोहरभाऊंनी माझ्याकडे कीव करून पाहिलं. "तुमचं अंतराळ मुकं असन, सर. आमचं बोलते." पुढे त्यांच्याकडे संत्री सोलत तेच पिक्चर टीव्हीवर इतक्या वेळा पाहिलं, की मलाही त्याचं वेड लागलं. मी गाच्या बाजूचा होतो, पण घरी कधी बोललो नाही.

या भांडणाचा रोजचा प्रयोग त्यांच्या फाटकाशी व्हायचा. मनोहरभाऊ स्कूटर सुरू करायचे, मागची सीट थोपटायचे आणि मोठ्याने म्हणायचे, "चाल गा, बस. देर झाली." वहिनी पिशवी धरून उभ्याच. "वं म्हणा, मंग बसतो." (वऱ्हाडीत बायकाही 'बसतो'च म्हणतात.) "गा!" "वं!" स्कूटर धूर सोडतेय, समोर दूधवाला खोळंबलाय. शेवटी वहिनीच बसायच्या आणि बसता बसता बजावायच्या, "बसतो मी. पण मी वंच हाय." इतक्या वर्षांत त्या माणसाने एकदासुद्धा त्या सीटपाशी वं म्हटलं नाही. तशी घरात दिवसभर अवं, अवं चाललेली असायची.

मग बातमी आली की त्या पिक्चरचा नवा भाग निघतोय. पण पुढची गोष्ट नाही, आधीची. कप्तान तरुण असतानाची. मनोहरभाऊंना हा प्रकार पटेना. "लगन झाल्यावर साक्षगंध करून राहिले का हे लोकं?" साक्षगंध म्हणजे आमच्याकडचा साखरपुडा. पण बातमीत असंही होतं की रिकाम्या सीटचं रहस्य यात उलगडणार. झालं, पैज लागली. हरेल त्याने सगळ्या गल्लीसाठी सांबारवडी, म्हणजे कोथिंबीर भरून तळलेली वडी, करायची. मनोहरभाऊंना चहासुद्धा करता येत नव्हता, तरी ते बेधडक हो म्हणाले.

पिक्चर काही येईना. यंदा येणार, पुढच्या वर्षी येणार असं चालू राहिलं. त्यातच शोभावहिनी आजारी पडल्या आणि गेल्या. आजारपणातही त्या मला म्हणाल्या होत्या, "सर, पिक्चर लागलं तं मले सांगजा. याइच्यावर भरोसा नाई, हे खोटं सांगतीन."

यंदाच्या हिवाळ्यात पिक्चर लागलं. मला वाटलं, मनोहरभाऊ पहिल्या खेळाला पहिल्या रांगेत असतील. उलट ते गप्प झाले. गल्लीत नवे भाडेकरू आले, त्यांना त्यांनी चक्क नाव विचारलं. तेव्हा मात्र मला काळजी वाटली. मीच दुपारच्या खेळाची तिकिटं काढली आणि त्यांच्या स्कूटरवर मागे बसून त्यांना मॉलमध्ये घेऊन गेलो. दारावरच्या माणसाने त्यांच्या खिशातली संत्री काढून ठेवायला लावली, तरी ते भांडले नाहीत.

मध्यंतरात म्हणाले, "मी बाहीर बसतो, सर. तुम्ही पाहून या. पण मले सांगू नका."

"अहो, एवढी वर्षं वाट पाहिली ना?"

"त्याचंच तं भेव हाय." ते हातातला पॉपकॉर्नचा डबा नुसता फिरवत होते. "समजा, गा निघालं. मंग ती गेल्यावर मी तिले हरवल्यासारखं होईन. तिले उत्तर देता येत नाई आता. अन वं निघालं तं मी हरलो. पण मी हरलो म्हणून हासाले कोण हाय घरी? कोन्तंबी निघो, भांडण खतम. मंग मी दिवसभर बोलू कोणाशी?"

मी त्यांचा दंड धरला आणि आम्ही आत जाऊन बसलो.

पिक्चर वाईट होतं, हे मी अगदी सभ्य शब्दांत सांगतोय. कप्तान म्हणून घेतलेला पोरगा दर दहा मिनिटांनी केस मागे सारत होता. आणि मग तो प्रसंग आला. कप्तानाच्या शेजारी सीट नव्हतीच, तिथे हवामान सांगणारी एक पेटी बसवलेली होती. तिचं झाकण ढिलं झालं होतं, बसत नव्हतं. उड्डाणाला उशीर होत होता. कप्तानाने वैतागून झाकणावर थाप मारली आणि ओरडला, "चल, बैठ! देर हो गई!" पुढे पेटी काढून तिथे सीट लावली, पण त्याची थोपटायची सवय गेली नाही. एवढंच रहस्य.

सगळं थिएटर कण्हलं. मागच्या रांगेत कॉलेजची मुलं होती, त्या पिक्चरचे टी-शर्ट घालून आलेली. त्यांतला एक जण "झाकण? झाकण?" एवढंच म्हणत राहिला. मला इतका संताप आला की मी खुर्चीतून उठलोच. ज्या थोपटण्यावर मी डोळे पुसले होते, ते झाकणाला होतं!

मी घाबरत शेजारी पाहिलं. मनोहरभाऊंचे खांदे हलत होते. मला वाटलं रडतायत. ते हसत होते, पोट धरून. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते माझ्या पाठीवर थापा मारत होते.

"झाकण, सर! झाकणाले काय म्हणाचं? गा का वं?"

"काहीच नाही," मी चिडून म्हणालो. "ते झाकण. नपुंसकलिंग."

"वा रे पठ्ठे! म्हणजे ती बी नाई हरली, अन मी बी नाई!"

बाहेर ती मुलं तोंड पाडून पायऱ्यांवर बसली होती. मनोहरभाऊंनी आपली संत्री परत घेतली आणि त्यांना एकेक वाटली. "काहून रडून राहिले बे? माल नासका निघाला तं वखारीत घ्याचाच नाई. आपलं पिक्चर जुनंच. याले आपण पाह्यलंच नाई." मग डोळे बारीक करून त्यांनी विचारलं, "जुन्यात तो काय म्हणते? गा का वं?" मुलं एकमेकांकडे बघू लागली, आणि दोन मिनिटांत त्यांच्यात दोन तट पडून भांडण जुंपलं. कित्येक दिवसांनी मनोहरभाऊंचा तो चेहरा पाहून माझाही राग उतरला. खरं सांगतो, झाकण निघालं याचा मला आनंद झाला.

स्कूटरपर्यंत ते सांबारवडीचा हिशेब मिटवत होते. पैज रद्द, वड्या विकत आणायच्या. मी माझा चष्मा पुसत थोडा मागे राहिलो होतो. मनोहरभाऊंनी स्कूटर सुरू केली आणि मागे न बघता रिकाम्या सीटवर हात थोपटला.

"चाल वं, बस," ते हळू म्हणाले. "देर झाली."

मी जिथे होतो तिथेच थांबलो. त्यांनी वळून पाहिलं आणि कानापर्यंत लाल झाले.

"तुमाले नाई म्हणलो, सर."

"कळलं मला."

"अन गल्लीत कोणाले सांगू नका बरं. लोकाइसमोर आपलं गाच हाय."

"नाही सांगत," मी म्हणालो. "तुम्ही व्हा पुढे. मला जरा बाजारात काम आहे, मी ऑटोनं येतो."

मला बाजारात काही काम नव्हतं. मनोहरभाऊंनी मान हलवली आणि स्कूटर सावकाश, मागे कोणी पिशवी सांभाळत बसलंय अशा बेताने, रस्त्याला लावली.