बेळगुंदीचा पूल

स्पर्धेत पहिला नंबर आला तर पॉलिटेक्निक, नाही आला तर कुद्रेमनीचं स्थळ. एवढं बोलून मारुतीरावांनी विषय मिटवला होता. दहावीतल्या अक्काताईने बापाचं बोलणं ऐकून घेतलं आणि कळकाच्या कामट्या तासायला बसली.

हे एकोणऐंशी सालातलं. हायस्कुलांची पूल बांधायची स्पर्धा बेळगावात होती. फक्त कामट्या आणि सरस वापरायचा. पुलावर एकेक किलोचं वजन चढवत जायचं, कुठं थांबायचं ते बांधणाऱ्याने सांगायचं. सगळ्यांत जास्त पेलेल तो पहिला. तुटला की बाद.

स्पर्धा नेमकी शनिवारी, बाजाराच्या दिवशी. बेळगुंदीहून निघालेली बस खचाखच भरलेली. अक्काताई पूल मांडीवर धरून बसली होती, मारुतीराव पुढच्या बाकावर. शेजारच्या गंगव्वाने रताळ्यांची बुट्टी खुशाल त्याच्यावर टेकवली.

"काकू, पूल हाय तो."

"पूलच हाय न्हवं? मग बुट्टीला कशाला भ्यातीस?"

पूल हूं की चूं करेना. मागच्या बाकावरून गावातल्या मष्णूने ते बघितलं. "मारुती, पोरीचा पूल म्हंजे खोंड हाय रं, खोंड."

बेळगाव येईस्तोवर ही बातमी सगळ्या बसभर झाली. उतरल्यावर अर्धी बस बाजाराची वाट सोडून शाळेच्या हॉलमध्ये शिरली. मारुतीराव मात्र दाराशी बसले. दुपारच्या बसने पोरीला परत न्यायचं, एवढंच त्यांच्या मनात होतं.

निपाणीच्या पोरांनी बाविसाला थांबायचा हात वर केला. इतर पूल त्याआधीच मोडले होते. अक्काताईने ओठ आवळून तेविसावं वजन ठेवलं. पूल किंचित वाकला आणि थांबला.

"बस्स, सर."

परीक्षकांनी पेनचं टोपण काढलं.

"बस्स?" मष्णू मागून म्हणाला. "एका किलोनं? ह्याला काय जिंकणं म्हणत्यात?"

गावाकडे बैलांना दगड ओढायच्या शर्यतीत जुंपलं की बैल गुडघे टेकेपर्यंत मालक थांब म्हणत नाही. आधीच थांबवलं, तर वर्षभर त्याला कट्ट्यावर बसायची सोय राहत नाही. सगळे फेटे मारुतीरावांकडे वळले.

"मारुती, भ्यालास काय रं?"

मारुतीराव उठलेच. "घाला अजून."

"आप्पा, जिंकलंय मी. गप बसा."

"तू गप. गावाचा पूल हाय."

"थांबायचं मुलीनं सांगायचं असतं," परीक्षक म्हणाले.

"मग पोरगी कुणाची हाय?" असं म्हणत मारुतीरावांनी वजन ठेवलंसुद्धा.

टेबलाभोवती बेळगुंदीचा गराडा पडला. चोवीस. पंचवीस. अक्काताई दर वजनाला बस्स म्हणत होती आणि दर वजनाला हॉल आरोळीने दणाणत होता. अठ्ठाविसाव्याला कामटी काडकन बोलली आणि सगळी वजनं टेबलावर सांडली.

गराडा आपोआप विरळ झाला. मष्णूला बाजाराची आठवण झाली.

"सर, तेविसाला मी बस्स म्हटलंतं," अक्काताई म्हणाली.

"ऐकलं मी. पण पूल तुटला, बाळ. आणि तुझ्याच वडिलांनी तोडला."

पहिला नंबर निपाणीला गेला. त्यांचे मास्तर हसत मारुतीरावांकडे आले. "पोरीच्या जातीनं एवढं केलं, हेच लई झालं की हो."

परतीच्या बसमध्ये मारुतीराव हिंडलगा गाव मागे पडेपर्यंत खिडकीबाहेर बघत राहिले. अक्काताईने कामट्यांचा चुरा ओढणीत बांधून घेतला होता. कुठला जोड आधी सुटला, ते तिला घरी जाऊन बघायचं होतं.

"त्या पॉलिटेक्निकात पूल शिकवत्यात व्हय?" मारुतीरावांनी विचारलं.

"शिकवत्यात."

"किती वर्सं?"

"तीन."

"जरा लवकर न्हाय व्हायचं?"

"न्हाय."

"ऱ्हाऊ दे. पक्कं शिक. मी सोता पुलावर हुभा ऱ्हायलो तरी मोडता कामा न्हाय. त्या निपाणीच्या मास्तराला बोलावून दाखवायचा हाय."

अक्काताईने हळूच विचारलं, "आणि कुद्रेमनीचे?"

"त्यास्नी सांगतो," मारुतीराव म्हणाले, "पोरीला सवड न्हाय."