आळ न घेणारा दिवाण

आमच्या बीबी गावात वामनभाऊंची पिठाची चक्की आहे. तिथं कुणी कुणाची कुजबुज सुरू केली, की वामनभाऊ खटकन मोटर बंद करतात आणि विचारतात, "तुनं सोताच्या डोयानं पाह्यलं का?" नाही म्हटलं, की विषय संपला. हो म्हटलं, तर मग कधी, कुठून, उजेड किती होता, अशी उलटतपासणी. तोवर लोकांची ज्वारी अर्धवट दळलेली. एकदा आमच्या हिनं शेजारणीच्या सुनेबद्दल तोंड उघडलं आणि घरात दुपारच्या भाकरी दिवेलागणीला झाल्या. आता ती तिथं फक्त पाऊसपाण्याबद्दल बोलते.

आणि हाच माणूस एके काळी पंचक्रोशीतला नावाजलेला खलनायक बरं का! आमचं नाट्य मंडळ दर यात्रेला एकच जुनं नाटक करायचं. दुष्ट दिवाण भर दरबारात राणीच्या अब्रूवर आळ घेतो, राजा तिला हाकलतो आणि शेवटच्या अंकात खरं कळल्यावर कपाळ बडवतो. दिवाण वामनभाऊ, राजा मी, म्हणजे गावचा मास्तर, आणि राणी गंगाराम शिंपी. वामनभाऊ ते आळाचं वाक्य असं फेकायचे, की गंगारामची बायकोसुद्धा नवऱ्याकडे संशयानं बघायची. मेहकर-लोणारहून लोक 'बीबीचा दिवाण' बघायला येत. भाऊंनाही त्याचा भारी तोरा. यात्रेआधी महिनाभर मिशांना तूप.

पुढं गंगाराम शिंपी असूनही राणीच्या चोळीत मावेनासा झाला. तेव्हा दवाखान्यात नव्यानं आलेल्या सिस्टरबाई तयार झाल्या. मलकापूरच्या कॉलेजात नाटकं केलेली, हसतमुख बाई. क्वार्टरात एकट्याच राहायच्या. आमच्या स्टेजवर उभी राहिलेली ती पहिली बाई. तालमीत ते वाक्य आलं, की वामनभाऊ "थे मी टायमावर बोलतो" म्हणून पुढं सरकायचे. एवढा कसलेला नट, कोण हटकणार?

प्रयोगाला मैदान गच्च. दिवाण झोकात आला, राणीकडे बोट रोखलं आणि गप्प! पडद्यामागं प्रॉम्प्टरनं घसा बसवून घेतला. पुढच्या रांगेला वाक्य पाठ झालं, पण दिवाण ढिम्म. शेवटी म्हणतो काय, "महाराज, राणीसाहेबाइबद्दल माह्यं काही म्हननं नाही."

आता मी काय करू? आळच नाही, तर बाईला हाकलू कशावरून? पण पुढचा अख्खा अंक वनवासाचा. हाकललं. प्रेक्षकांतून एक म्हातारी उठली आणि तिनं मलाच विचारलं, काऊन हाकलून राह्यला बे तिले, तिनं केलं काय? लोक हसून हसून लोळले. नाटकाची माती झाली. पुढच्या यात्रेला मंडळानं भाऊंना पडदा ओढायला बसवलं. 'विसरभोळा दिवाण' हे नाव चिकटलं ते चिकटलंच. भाऊ पुन्हा तोंडाला रंग लावून उभे राहिले नाहीत.

परवा सिस्टरबाई एका लग्नाला आल्या होत्या. आता रिटायर झाल्यात. चक्कीवर मुद्दाम भेटायला आल्या. आतातरी वाक्य आठवलं का म्हणून त्यांनी भाऊंची चेष्टा केली. भाऊंनी डोकं खाजवलं, आपलं डोकसंच तसं म्हणाले आणि स्वतःही हसले. एवढ्या नोकरीत बीबीसारखा जीव कुठल्याच गावानं लावला नाही, असं म्हणताना बाईंचे डोळे भरले. मग त्या एसटीत बसून गेल्या.

मला राहवेना. म्हटलं, भाऊ, एवढी मोठी इज्जत गेली, चार ओळी पाठ करायला काय झालं होतं? भाऊंनी पिठानं माखलेला हात वर केला, बोट रोखलं आणि ते आख्खं वाक्य म्हणून दाखवलं. तोच आवाज, कुठं अडखळणं नाही. माझ्या अंगावर काटा आला.

"मग त्या दिवशी काय झालं होतं?"

"बाई एकटी राहे, मास्तर. रातबेरात बायाइच्या बायतपनाले जाये. लोकं पहिलेच काय काय बोलत. म्या भर गावात तिच्याकडं बोट करून थेच बोललो असतो, त लोकाइले आयतंच सापडलं असतं."

इतकी वर्षं या माणसानं स्वतःचं हसं करून घेतलं! मग आज तरी बाईंना सांगायचं होतं, मी म्हटलं.

"सांगतलं असतं, त लोकं काय बोलत थे बी सांगा लागलं असतं," भाऊ म्हणाले. "तिले हे गाव चांगलं वाटते. वाटू द्या."